‘मूक’चा ‘मुका’ : व्यंगचित्र हसवते केव्हा?

दोन शिकारी रानात हिंडत असतात. त्यांतला एक एकाएकी कोसळतो. डोळे पांढरे होतात, श्वास चालू आहे असे दिसत नाही. दुसरा घाबरून तातडीच्या मदतीसाठी फोन लावतो, ‘माझा मित्र मेला! आता मी काय करू?’ पलीकडचा माणूस शांतपणे सांगतो, ‘घाबरू नका. आधी तो मेलाच आहे याची खात्री करून घ्या.’ क्षणभर काही ऐकू येत नाही. मग गोळी सुटल्याचा आवाज. शिकारी पुन्हा फोनवर येतो, ‘हं, केली खात्री. आता पुढे?’

इंग्लंडमधील हर्टफर्डशर विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी २००१-०२ मध्ये इंटरनेटवरून एक मोठा प्रयोग केला. जगभरातून ४० हजारांहून अधिक विनोद आले, लोकांनीच त्यांना गुण दिले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये निकाल लागला तेव्हा हा शिकाऱ्यांचा विनोद पहिला आला. पुढे काही वर्षांनी त्याचे मूळ सापडले ते १९५१ मधल्या एका छोट्या प्रहसनात. पीटर सेलर्स आणि मायकेल बेंटीन यांनी सादर केलेल्या या प्रहसनाचा लेखक होता स्पाइक मिलिगन. हा मिलिगन जन्माने आपला नगरकर. वडील ब्रिटिश तोफखान्यात होते. १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्याचा जन्म झाला. बालपण पुणे आणि रंगून येथे गेले.

आता याच जिल्ह्याशी जोडलेले दुसरे उदाहरण. १३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यातील कोपर्डी गावात एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. ऑगस्टपासून महाराष्ट्रभर मराठा समाजाचे मूक मोर्चे निघू लागले. २५ सप्टेंबरला, पुण्यात प्रचंड मोर्चा निघाला त्याच रविवारी, ‘सामना’च्या पुरवणीत एक व्यंगचित्र छापून आले. त्यात ‘मूक मोर्चा’वर ‘मुका मोर्चा’ अशी कोटी होती. दोनच दिवसांत नवी मुंबई आणि ठाण्यातील ‘सामना’च्या कार्यालयांवर दगडफेक झाली. व्यंगचित्रकाराने दिलगिरी व्यक्त केली आणि पुढे शिवसेनेच्या पक्षप्रमुखांनाही माफी मागावी लागली.

पहिल्या विनोदात एका माणसाचा जीव जातो आणि जग हसते. दुसऱ्यात कोणी मरत नाही, एक शब्द तेवढा वाकवला जातो, आणि दगड येतात. असे का व्हावे? ‘लोकांच्या भावना हळव्या झाल्या आहेत’ हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. चित्र हसवते कशामुळे आणि कोणत्या क्षणी हसवायचे थांबते, याचा शोध तत्त्वज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी बराच घेतला आहे. मराठी व्यंगचित्रांच्या इतिहासात त्याची ठसठशीत उदाहरणेही आहेत. ही दोन्ही टोके जुळवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

एक शंका आधीच दूर केलेली बरी. शिकाऱ्यांचा विनोद सांगायचा आहे, कोपर्डीनंतरचे ते व्यंगचित्र होते; मग दोन्ही एका तागडीत कसे तोलायचे? पण व्यंगचित्रातही बहुधा हेच घडते. चित्र एक अपेक्षा उभी करते आणि ओळ ती उलथवते, किंवा ओळ उभी करते आणि चित्र उलथवते. मिलिगनच्या विनोदाची तर नाळच व्यंगचित्राशी होती. बीबीसीवर १९५१ ते १९६० या काळात गाजलेल्या त्याच्या ‘द गून शो’तला ‘गून’ हा शब्द ‘पॉपाय’च्या चित्रमालिकेतील अगडबंब पात्रांवरून आलेला. मिलिगन स्वतः रेघोट्यांची चित्रे काढत असे. लहान मुलांसाठीच्या वेडगळ कवितांच्या त्याच्या १९५९ च्या पुस्तकात त्याचीच चित्रे आहेत. ‘गून शो’ हे कानांनी पाहायचे व्यंगचित्रच होते, असे म्हटले तरी चालेल.

हसण्याचा सर्वांत प्रसिद्ध खुलासा आहे विसंगतीचा. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० मध्ये तो मोजक्या शब्दांत मांडला. त्याचा आशय असा की, ताणून धरलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरली की हसू येते. १९७२ मध्ये जेरी सल्स या मानसशास्त्रज्ञाने त्याचे दोन टप्पे पाडले. आधी काहीतरी न जुळणारे समोर येते आणि मन अडखळते. मग ते न जुळणारे एका वेगळ्या नियमाने जुळते आणि मन सुटते. नुसते अडखळणे म्हणजे गोंधळ. अडखळून सुटणे म्हणजे विनोद.

याचे मराठीतले निर्मळ उदाहरण म्हणजे शि. द. फडणीस यांची चित्रे. १९५० च्या दशकात ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर आलेले त्यांचे एक चित्र जुन्या वाचकांना अजून आठवत असेल. एक तरुणी आणि एक तरुण आहेत. तिच्या साडीवर मांजरांची नक्षी, त्याच्या शर्टावर उंदरांची. शब्द एकही नाही. आपण आधी दोन माणसे पाहतो, मग कापडावरची नक्षी पाहतो आणि मग दोन्ही एकमेकांत मिसळून संसाराचे सगळे भविष्य एका क्षणात दिसते. मनाची गाठ बसते आणि सुटते. सुटल्यावर हातात काही टोचणारे उरत नाही. त्या तरुणाला नाव नाही, तरुणीला जात नाही, दोघांचे गाव कोणते ते माहीत नाही. नवऱ्याने पाहिले तरी तो हसतो, बायकोने पाहिले तरी ती हसते.

मिलिगनचा विनोदही असाच बांधलेला आहे. ‘खात्री करून घ्या’ या शब्दांचे दोन अर्थ होतात. नाडी पाहा हा एक आणि जिवंत राहणार नाही असे करा हा दुसरा. शिकारी दुसरा अर्थ घेतो. मन अडखळते, मग सुटते. आता ‘मूक मोर्चा’कडे पाहू. मराठीत ‘मुका’ शब्दाला दोन अर्थ आहेत. ज्याला वाचा नाही तो मुका, आणि आई बाळाचा घेते तोही मुका. ‘मूक’चा ‘मुका’ केला की एका अक्षराच्या फरकाने मोर्चा एका अर्थातून दुसऱ्या अर्थात घसरतो. विसंगतीच्या सिद्धान्ताने पाहिले तर या कोटीत तांत्रिक दोष काढता येणार नाही. दोन अर्थ, एक शब्द, अचानक उडी. सगळे जागच्या जागी आहे. तरी ती हसवू शकली नाही. म्हणजे विसंगती हवी हे खरे, पण तेवढीच पुरत नाही.

कांटच्या म्हणण्यातला ‘शून्य’ हा शब्द इथे पुन्हा पाहावा लागतो. अपेक्षा विरायला हवी ती शून्यात. शाळेतल्या भागाकाराच्या भाषेत सांगायचे तर बाकी शून्य उरायला हवी. शिकाऱ्याच्या विनोदात प्रेत उरते, पण ते खरे प्रेत नाही. त्या मित्राला आई नाही, गाव नाही, तेराव्याला जेवायला येणारे कोणी नाही. गोळीचा आवाज ऐकून आपण त्या माणसाकडे वळतच नाही, आपण शब्दाकडे वळतो. कोपर्डीच्या बाबतीत उलटे झाले. कोटीचा दुसरा अर्थ शरीराच्या जवळिकीचा होता, आणि मोर्चा निघाला होता तो एका मुलीच्या शरीरावर झालेल्या अत्याचारासाठी. कोटी उलगडली की हातात उरत होती ती तीच मुलगी. बाकी शून्य नव्हती.

मग प्रश्न येतो की बाकी उरते की नाही हे ठरवतो कोण? चित्र की पाहणारा? काही संशोधकांनी हास्य शरीरातच शोधून पाहिले. १९८८ मध्ये फ्रिट्झ श्ट्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना तोंडात पेन धरायला लावून गॅरी लार्सन या अमेरिकी व्यंगचित्रकाराची चित्रे दाखवली. पेन दातांत धरले की चेहऱ्याचे स्नायू हसल्यासारखे होतात, ओठांत धरले की तसे होत नाहीत. दातांत धरणाऱ्यांना चित्रे जास्त गमतीदार वाटली असा निष्कर्ष निघाला आणि तो पाठ्यपुस्तकांत गेला. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. पेनचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही, पण हसू नुसत्या स्नायूंत सापडेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही एवढे त्यातून कळले.

रेषेतला गुण मात्र प्रयोगांनी चांगला पडताळला गेला आहे. गिलियन ऱ्होड्स, सुझन ब्रेनन आणि सुझन केरी यांच्या १९८७ च्या अभ्यासात ओळखीच्या माणसांची साधी रेखाचित्रे आणि अतिशयोक्त चित्रे दाखवण्यात आली. लोकांनी अतिशयोक्त चित्रे अधिक झटकन ओळखली. याचे कारण असे की, आपण चेहरा लक्षात ठेवतो तो सर्वसाधारण चेहऱ्यापेक्षा कुठे वेगळा आहे या हिशेबाने. व्यंगचित्रकार तो फरकच वाढवतो. नाक लांब असेल तर आणखी लांब करतो. म्हणून नेत्याचे चित्र पाहताच ‘अगदी तोच!’ असे आपण म्हणतो, खरे तर तो तसा मुळीच दिसत नसतो.

इथे आपल्या भाषेतल्या एका शब्दापाशी थांबायला हवे. ‘व्यंग’ म्हणजे उणीव, शरीरातला दोष. ‘व्यंग्य’ म्हणजे सरळ न सांगता सुचवलेला अर्थ. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ज्याला काव्याचा आत्मा मानले तो ध्वनी. आपण ‘व्यंगचित्र’ असे लिहितो आणि दोन्ही अर्थ मनात धरतो. पण चित्राचे कुळ या दोन शब्दांत वेगळे होते. एक चित्र माणसाच्या उणिवेवर बोट ठेवते, दुसरे माणसांविषयी काहीतरी सुचवते. साडीवरची मांजरे हे व्यंग्य आहे, त्यात व्यंग कोणाचेच नाही. ‘व्यंगचित्र’ आणि ‘हास्यचित्र’ असे दोन शब्द मराठीत शेजारी नांदतात त्याला हेही कारण असावे.

व्यंगावर बोट ठेवणारे चित्रही हसवतेच, आणि अनेकदा अधिक मोठ्याने. त्याचा खुलासा दुसऱ्या, अधिक कडू सिद्धान्तात आहे. सतराव्या शतकातील इंग्रज विचारवंत थॉमस हॉब्ज याचे म्हणणे असे की, दुसऱ्याची उणीव दिसल्यावर आपल्याला एकाएकी स्वतःची थोरवी जाणवते आणि तीच हसू होऊन बाहेर पडते. १९७२ मध्ये डॉल्फ झिलमन आणि जोअन कँटर यांनी हे पडताळून पाहिले. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील चकमकींचे विनोद त्यांनी विद्यार्थ्यांना आणि नोकरी-व्यवसायात स्थिरावलेल्यांना दिले. कनिष्ठ वरचढ ठरतो त्या विनोदांना विद्यार्थी जास्त हसले. वरिष्ठ वरचढ ठरतो त्यांना नोकरी-व्यवसायातले लोक जास्त हसले. म्हणजे विनोद तोच, पण हसणारा आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत ते पाहून हसतो.

आपल्याकडे या सिद्धान्ताची परीक्षा प्रयोगशाळेत नव्हे, मुंबईच्या रस्त्यावर झाली. बाळ ठाकरे ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रकार होते. ब्रिटनचे डेव्हिड लो हे त्यांचे आदर्श. १३ ऑगस्ट १९६० रोजी त्यांनी भाऊ श्रीकांत यांच्यासह ‘मार्मिक’ साप्ताहिक काढले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन झाले. महाराष्ट्र राज्य तेव्हा साडेतीन महिन्यांचे होते. राज्य मिळाले पण मुंबईतल्या कचेऱ्यांत मराठी माणूस मागे, ही सल घराघरांत होती. ‘मार्मिक’ने ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या आणि त्या सलीला चेहरे दिले. त्यात हसू होते, पण ते उंदीर-मांजराचे नव्हते. गोंधळलेल्या, नोकरी न मिळालेल्या तरुणाला घटकाभर का होईना आपण वर आहोत असे वाटावे, असे ते हसू होते. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. व्यंगचित्रांच्या साप्ताहिकातून राजकीय पक्ष उभा राहिल्याचे दुसरे उदाहरण शोधू म्हटले तरी सहज सापडणार नाही.

ठाकरे यांची रेषा विलक्षण होती, तिच्यात जोर होता आणि चेहरा पकडण्याची ताकद होती, हे त्यांचे विरोधकही मान्य करतात. पण त्या रेषेची दुसरी बाजू माटुंग्यात लुंगी नेसून इडली विकणाऱ्याने पाहिली. त्याच्यासाठी बाकी शून्य नव्हती. पुढे १९८८ मध्ये ‘सामना’ निघाला आणि २०१६ मध्ये त्याच दैनिकातल्या चित्राने त्याच मराठी माणसाला दुखावले, हा काळाचा उलटा फेरा आहे. साठच्या दशकात हसणाऱ्यांत जो समाज होता, तो आता चित्रातल्या बाजूला होता.

हसणारा आणि ज्याच्यावर हसले जाते तो, यांच्यातील अंतर मोजण्याचा प्रयत्न अलीकडच्या मानसशास्त्राने केला आहे. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी २०१० मध्ये मांडलेली कल्पना साधी आहे. काहीतरी मोडते आहे आणि तरीही सगळे ठीक आहे, असे एकाच वेळी वाटले की माणूस हसतो. नियम न मोडणारे चित्र कंटाळवाणे. नुसताच नियम मोडणारे चित्र भयानक किंवा घृणास्पद. हसू दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत असते. गुदगुल्या हे याचे सोपे उदाहरण. तो एक लुटुपुटीचा हल्ला असतो, म्हणून हसू येते. आपणच आपल्याला केल्या तर हल्ला नाही, म्हणून हसू नाही. अनोळखी माणसाने केल्या तर तो खराच हल्ला, म्हणून हसू नाही.

ही पट्टी अंतराने रुंद किंवा अरुंद होते. २०१२ मध्ये अमेरिकेला सँडी वादळाचा तडाखा बसला. मॅकग्रॉ आणि सहकाऱ्यांनी त्या वादळावरचे विनोदी शेरे वेगवेगळ्या दिवशी लोकांना दाखवले. वादळ जवळ असताना ते फारसे विनोदी वाटले नाहीत. साधारण पाच आठवड्यांनी ते सर्वांत विनोदी वाटले. त्यानंतर पुन्हा हसू ओसरले, कारण आता वादळाशी कोणाला काही देणेघेणे उरले नव्हते.

हे गणित कोपर्डीला लावून पाहिले तर ते जमत नाही, आणि त्यातूनच काही शिकायला मिळते. घटना १३ जुलैची, व्यंगचित्र २५ सप्टेंबरचे. मध्ये ७४ दिवस गेले. काळाचे अंतर पुरेसे होते. पण वादळ ओसरते तसे हे ओसरले नव्हते. खटला उभा राहायचा होता. नगरच्या सत्र न्यायालयाने तिन्ही आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली ती पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये. जिल्ह्याजिल्ह्यात नवा मोर्चा निघत होता आणि प्रत्येक मोर्चात मुलीच पुढे चालत होत्या, निवेदनही मुलीच देत होत्या. जखम जुनी होत नव्हती, दर आठवड्याला ती नव्याने रस्त्यावर येत होती. दिनदर्शिकेवरचे अंतर आणि मनातले अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नात्याचे अंतरही सर्वांचे सारखे नसते. मोर्चांच्या मागण्यांत कोपर्डीच्या न्यायाबरोबर आरक्षण होते, तशीच ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याची मागणीही होती. त्यामुळे दलित वस्त्यांतून त्याच मोर्चाकडे पाहणाऱ्याला तो केवळ शोक वाटत नव्हता, त्यात ताकदीचे दर्शनही दिसत होते. मुंबईच्या एखाद्या कचेरीतून पाहणाऱ्याला तो रविवारचा एक विषय होता. एकाच मोर्चाची ही तीन अंतरे. व्यंगचित्र बहुधा तिसऱ्या अंतरावरून काढले जाते आणि पहिल्या अंतरावर जाऊन पोचते.

ही गोष्ट एकाच समाजाची नाही. २८ ऑगस्ट १९४९ च्या ‘शंकर्स वीकली’त शंकर यांचे एक व्यंगचित्र आले. राज्यघटना म्हणजे एक गोगलगाय, तिच्यावर बसलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. शंकर यांचा रोख घटनानिर्मितीच्या संथ गतीवर होता. २००६ मध्ये एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात ते चित्र घेण्यात आले. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत वादळ उठले, सरकारने माफी मागून चित्र मागे घेतले. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली.

१९४९ मध्ये खपून गेलेले चित्र २०१२ मध्ये का खुपले? सँडीच्या हिशेबाने ६३ वर्षांनी ते थंड व्हायला हवे होते. मला याचे उत्तर पाहणाऱ्यांच्या बदलात दिसते. १९४९ मध्ये ते इंग्रजी साप्ताहिक हातात घेणारा वर्ग लहान आणि बव्हंशी एकाच थरातला होता. त्याला चित्रात संथपणा दिसला. २०१२ मध्ये वर्गात बसलेल्या मुलांत अशा घरांतली मुले होती, जिथे शिकणारी ती पहिली किंवा दुसरी पिढी. त्यांना गोगलगाय दिसायच्या आधी चाबूक दिसला. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ या काळातली आंबेडकरांवरची शंभरावर व्यंगचित्रे २०१९ मध्ये पुस्तकरूपाने एकत्र आणली. त्यांत बाबासाहेबांना पुनःपुन्हा लहान आणि हास्यास्पद केलेले पाहिल्यावर १९४९ चे चित्र एकटे राहत नाही. ते एका रांगेत उभे असलेले दिसते. एक चिमटा ही थट्टा असते. त्याच जागी शंभरावा चिमटा बसला की ती थट्टा राहत नाही.

याच चित्रात नेहरूही आहेत. नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ कैदेत राहून तिथेच ‘भारताचा शोध’ लिहिणारे नेहरू पुढे शंकर यांना ‘मलाही सोडू नका’ असे सांगत. हा त्यांचा मोठेपणा होता यात शंका नाही. पण तो परवडण्यासारखाही होता. पंतप्रधानाची कितीही थट्टा केली तरी तो पंतप्रधान राहतो, आणि त्याच्या जातीच्या माणसाला दुसऱ्या दिवशी गावच्या विहिरीवर कोणी त्या चित्रावरून हिणवत नाही.

तरीही बाबासाहेबांना विनोद सोसत नव्हता असे म्हणता येणार नाही. घटना समितीतील एक सदस्य नझिरुद्दीन अहमद यांनी ‘ड्राफ्टिंग कमिटी’ला ‘ड्रिफ्टिंग कमिटी’ म्हटले होते. मसुदा करणारी समिती म्हणजे वाहवत जाणारी समिती. ही कोटीही एका स्वराच्या फरकाचीच, अगदी ‘मूक’ आणि ‘मुका’सारखी. २५ नोव्हेंबर १९४९ च्या आपल्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी ती स्वतःहून उचलली, खेळकरपणे परतवली आणि इतर देशांच्या घटनांना लागलेला वेळ सांगून विलंबाच्या आक्षेपाला उत्तर दिले. कोटी करणारा आणि ज्याच्यावर कोटी झाली तो, दोघे एकाच सभागृहात, एकाच उंचीच्या बाकांवर बसलेले होते. एकाने टोला मारला, दुसऱ्याने परतवला. सभागृहातल्या कोटीला उत्तर होते. वर्तमानपत्रातल्या चित्राला चित्राने उत्तर देण्याची सोय वस्तीतल्या माणसाकडे नसते.

मला वाटते, इथे आपल्या प्रश्नाचे उत्तर हाती येते. विसंगती मनाला अडखळवते, अतिशयोक्ती ओळख पटवते, थोरवीची भावना हसू मोठे करते. पण शेवटी ते हसू आहे की घाव, हे दोन गोष्टींवर ठरते. कोटी उलगडल्यावर पाहणाऱ्याच्या हातात खरे माणूस उरते का? आणि उरत असेल, तर त्या माणसाला त्याच भाषेत उलट टोला मारता येतो का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर फडणीस यांची मांजरे आणि मिलिगनचे शिकारी जन्मतात. दुसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल तर घटना समितीतली कोटी रंगते. पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ अशी उत्तरे आली की रेषा कितीही सफाईदार असो, हसू फक्त लांबच्यांना येते.

हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. नाट्यशास्त्राने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले, आणि स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्या सांगितल्या. त्याच ग्रंथाच्या अखेरच्या भागात एक कथा आहे. भरताचे पुत्र विद्येच्या मदाने ऋषींची नक्कल करणारी प्रहसने करू लागले. ऋषी संतापले आणि त्यांनी त्या नटांना शूद्र होण्याचा शाप दिला. थट्टेच्या बदल्यात माणसाची पायरीच काढून घेण्याची ही शिक्षा. कथेत ऋषी बलवान आहेत आणि नट दुबळे. म्हणजे थट्टा वरच्याची होती, आणि तरी शिक्षा इतकी मोठी. ही कथा वाचताना माझी सहानुभूती नटांकडे जाते.

म्हणून चित्र हसवत नाही हे सांगणे आणि चित्र काढणाऱ्याला शिक्षा करणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. ‘सामना’च्या कचेरीवरचा दगड आणि पळशीकर यांच्या खोलीतली मोडतोड, दोन्हींनी व्यंगचित्राचे परीक्षण अशक्य करून टाकले. दगड पडल्यावर चर्चा दगडाची होते. चित्र का फसले हा प्रश्न मागे पडतो, आणि चित्रकार एकतर हुतात्मा होतो किंवा गुन्हेगार. तो एक फसलेला चित्रकार आहे एवढे साधे म्हणणे मग कोणालाच जमत नाही.

आत्मस्थ हास्याबाबत नगरच्या त्या मुलाने आपल्याला एक धडा दिला आहे. मिलिगन दुसऱ्या महायुद्धात इटलीत जखमी झाला. पुढे आयुष्यभर नैराश्याच्या आजाराशी झगडत राहिला आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलला. २७ फेब्रुवारी २००२ रोजी तो वारला. ‘मी आजारी आहे असे तुम्हाला सांगितले होते’ अशा अर्थाचा मजकूर आपल्या थडग्यावर त्याला हवा होता. इंग्रजीत तो लिहू देण्यास चर्चने मान्यता दिली नाही, म्हणून तो आयरिश भाषेत कोरला गेला. शिकाऱ्याच्या विनोदातले बिननावाचे प्रेत त्याने अखेर स्वतःच्या नावाने भरून काढले. इथे खरे माणूस उरते, पण टोला मारणारा आणि झेलणारा एकच आहे.

कोपर्डीनंतर रस्त्यावर उतरलेल्या मुलींनी घोषणा दिल्या नाहीत. बोलून काही होत नाही असा अनुभव असलेल्या माणसांनी निवडलेली ती भाषा होती. तिच्यावर चित्र काढता आलेच नसते असे नाही. त्या शांततेपुढे गडबडलेले मंत्री, भाषणाची सवय सुटत नसलेले पुढारी, माइक नाही म्हणून कासावीस झालेले कार्यकर्ते. विषय भरपूर होते, आणि त्या सगळ्यांकडे उत्तर द्यायला तोंड होते. काढणाऱ्याने नेमकी कोटी केली ती न बोलणाऱ्यांवर.